चिकटकामाचा इतिहास

शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात एक टेबल ठरलेले असते. त्यावर पुठ्ठ्याची पाटी उभी असते : 'टाकाऊतून टिकाऊ'. बारामतीच्या मोठ्या हायस्कुलात जा, इंदापूरला जा, नाहीतर तालुक्याच्या कडेच्या एखाद्या वस्तीशाळेत जा. पाटी तीच आणि वस्तूही बहुधा त्याच. आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, बाटलीला दोरा गुंडाळून केलेली फुलदाणी, करवंटीचे कासव, लग्नपत्रिकांचे तोरण. जरा जवळून पाहिले तर एक गंमत ध्यानात येते. त्या काड्यांना आइस्क्रीम कधी लागलेलेच नसते. त्या स्टेशनरीच्या दुकानातून गड्डीने आणलेल्या असतात. बाटली मात्र खरी टाकाऊ असते, पण ती कसली होती हे कळू नये म्हणून तिला सोनेरी रंग फासलेला असतो.

यात मुलांचा दोष नाही, आणि शिक्षकांचाही फारसा नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली, तो विषय शाळेत आला, आणि चिकटकाम हळूहळू त्याच्या वाट्याला गेले. चित्रकला वेगळी राहिली. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा पेपरांची तयारी करून घ्यायची, आणि चिकटकाम म्हणजे उरलेल्या वेळाचा उद्योग, अशी वाटणी झाली. ज्याला जगभर 'कोलाज' म्हणतात आणि जी विसाव्या शतकातल्या चित्रकलेतली एक मोठी घटना मानली जाते, ती गोष्ट आपल्याकडे फुलदाणीपाशी येऊन थांबली.

'टाकाऊतून टिकाऊ' या शब्दांत दोन दावे आहेत. एक, वस्तू टाकाऊ होती. दोन, आता ती टिकाऊ झाली. कोलाजचा इतिहास पाहिला तर हे दोन्ही दावे तपासून घ्यावेसे वाटतात.

सुरुवात घरापासूनच करू. चिकटवण्याच्या किंवा जोडण्याच्या कलेचा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला नमुना म्हणजे गोधडी, काही घरांत तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्याचा अस्तर म्हणून एक थर, वर दुसरा, मध्ये फाटका सदरा, धोतराचा तुकडा, विरलेला परकर असे जे असेल ते. मग कडेपासून आत आत सरकत जाणारा धावदोरा. यात विज्ञान भरपूर आहे. वापरून वापरून धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, म्हणून ते मऊ लागते. थरांमध्ये हवा अडकते आणि हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे ऊब टिकते. कापड ज्या जागी विरले असेल तेथे दुसऱ्या थराचा धड भाग येईल असे तुकडे मांडले जातात. आणि चिकटवण्याऐवजी शिवण का? कारण निरनिराळ्या वयाची कापडे धुतल्यावर सारखी आटत नाहीत. खळीने चिकटवली असती तर पहिल्याच धुण्यात सुटली असती. टाका मात्र थोडा सैल पडून सगळ्यांना सांभाळून घेतो, आणि लागलाच तर उसवताही येतो.

पण गोधडीचे मोठेपण एवढ्या हिशेबात संपत नाही. गोधडी पांघरलेल्या मुलाला बोट ठेवून सांगता येते, ही आजीच्या इरकलीची किनार, हा आत्याच्या परकराचा तुकडा, हे आजोबांचे धोतर. तुकडा नव्या जागी आला तरी जुने नाव सोडत नाही. गोधडी शिवणारीला कोणी चित्रकार म्हटले नाही, तिनेही कोपऱ्यात सही केली नाही. तरी हे लक्षात ठेवू, कारण पॅरिसमध्ये जे घडले ते समजायला याचा उपयोग होणार आहे.

कागद कागदावर चिकटवून चित्र करणे हेही नवे नाही. बाराव्या शतकात जपानमध्ये कविता लिहिण्यासाठी रंगीत कागदांचे फाडलेले तुकडे जोडून सुंदर पाने तयार करीत. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी नावाच्या बाईंनी १७७२ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, रंगीत कागद कातरून फुलझाडांची चित्रे करायला घेतली. नजर साथ देईनाशी होईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षांत, त्यांनी जवळजवळ हजार चित्रे केली. काळ्या पार्श्वभूमीवर एकेका पाकळीसाठी अनेक छटांचे बारीक तुकडे. पुंकेसर मोजून घ्यावेत इतके नेमके. क्वचित एखादे खरे पानही त्यात डकवलेले आहे. ही चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वनस्पतिशास्त्राच्या तासाला फुलाच्या भागांची आकृती फळ्यावरून उतरवून घेण्यापेक्षा, खरे जास्वंदीचे फूल समोर ठेवून ते कागदाच्या तुकड्यांनी उभे करायला सांगितले, तर मुलाला पुंकेसर किती आणि कोठे जोडलेले आहेत हे पाहावेच लागते. कात्री अंदाजाने चालत नाही.

खुर्चीची वीण

आता १९१२. त्या वर्षी वसंतात पाब्लो पिकासोने पॅरिसमध्ये एक छोटे लंबगोल चित्र केले. आकार साधारण ३७ × २९ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या चित्रकलेच्या वहीच्या आसपास. विषय साधा, हॉटेलातल्या टेबलावरच्या वस्तू. पण खालच्या भागात वेताने विणलेली खुर्चीची बैठक दिसते, ती त्याने रंगवली नाही. वेताच्या विणीचे छापील चित्र असलेले मेणकापड बाजारात मिळत असे, त्याचा तुकडा सरळ डकवला. चौकट म्हणून सभोवती खरा दोर बसवला.

रेखाकला परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाला हा काय प्रकार आहे ते चटकन कळेल. आपण वस्तुचित्रात तांब्या ठेवतो आणि मुलाला सांगतो, तांब्यासारखा तांब्या काढ. पाचशे वर्षे युरोपातले चित्रकार तेच करीत होते, खऱ्यासारखे दिसेल असे रंगवीत होते. पिकासोने विचारले की खऱ्यासारखे काढायचे तर खरेच का लावू नये? आणि त्यातही एक खोडी करून ठेवली. लावलेला तुकडा खरे वेतकाम नाहीच; कारखान्यात छापलेली नक्कल आहे. उलट दोर खरा, पण त्याचे काम चौकटीचे. चित्रात खरे काय आणि खोटे काय, हा प्रश्न त्याने पाहणाऱ्याच्या हातात ठेवला.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा मित्र जॉर्ज ब्राक याने लाकडाच्या रेषांचे छापील भिंतकागद कापून चित्रात चिकटवले. ब्राकचे शिक्षण घरे रंगवण्याच्या धंद्यात झालेले होते, खोटे लाकूड, खोटा संगमरवर कसा काढतात ते त्याला ठाऊक होते. पुढच्या महिन्यांत पिकासोने वर्तमानपत्राचे तुकडे भरपूर वापरले. त्यांत तेव्हा चालू असलेल्या बाल्कन युद्धाच्या बातम्याही आहेत. बाटली आणि पेल्याच्या चित्रात युद्धाची बातमी.

यात नवे काय होते? चिकटवणे नवे नव्हते, ते जपानी कवींच्या पानांत होते आणि डेलनीबाईंच्या फुलांत होते. पण डेलनीबाईंच्या फुलात कागद स्वतःला विसरतो, तो पाकळी होतो. पिकासोच्या चित्रात वर्तमानपत्र बाटलीचा आकार घेते आणि वर्तमानपत्रही राहते. आजीच्या इरकलीची किनार गोधडीत जशी राहते, तशी. १९१२चा शोध माझ्या मते एवढाच आहे, आणि तो लहान नाही : वस्तूला तिची पूर्वकथा सांगू द्यायची. सोनेरी रंगाची फुलदाणी नेमकी हीच गोष्ट पुसून टाकते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या हानोव्हर शहरात कुर्ट श्विटर्सने ही गोष्ट टोकाला नेली. ट्रामची तिकिटे, वेष्टने, टपाल तिकिटे, तारेचे तुकडे, बुचे, रस्त्यावर जे सापडेल ते तो उचली. एका बँकेच्या जाहिरातीतील 'कोमेर्त्स' या शब्दाचा 'मेर्त्स' एवढाच तुकडा एका चित्रात उरला, तर १९१९पासून त्याने आपल्या साऱ्या कामालाच 'मेर्त्स' नाव दिले. देश मोडून पडला आहे, तर मोडक्या तुकड्यांतूनच नवे करायला हवे, असे त्याचे म्हणणे होते. नाझी सत्तेवर आल्यावर अशा कलेला जागा उरली नाही. तो १९३७ साली नॉर्वेला आणि तेथून १९४० साली इंग्लंडला गेला. परक्या देशातही तो तिकिटे आणि वेष्टने चिकटवीत राहिला, आता त्यांवरची भाषा बदलली होती. त्या चित्रांतली तिकिटे वाचली तर माणूस कोणत्या साली कोठे होता हे कळते. इतिहासाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले साधन कोणते हवे?

मेथी, चिंचोके आणि मोरचूद

आपल्या देशात या वाटेने गेलेल्यांपैकी दोघांविषयी सांगायलाच हवे. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांची दृष्टी १९५६-५७च्या सुमारास पूर्ण गेली. चित्रकाराची दृष्टी गेल्यावर काय उरते? त्यांनी कागद कातरून चिकटवायला सुरुवात केली. कातरलेली कड बोटाला कळते, रंगवलेली रेषा कळत नाही. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट केला. दृष्टिहीन मुले वर्गात असणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. खरखरीत पोते, गुळगुळीत वेष्टन, पन्हाळीपन्हाळीचा खोक्याचा पुठ्ठा ही त्यांची रंगपेटी होऊ शकते.

दुसरे नेकचंद (१९२४–२०१५), चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. नवे शहर वसवण्यासाठी तेथली जुनी गावे उठवली गेली. त्या गावांच्या ढिगाऱ्यांतून फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा, विजेची मोडकी बटणे नेकचंद सायकलवरून गोळा करून नेत आणि राखीव जंगलात, कोणाला न सांगता, त्यांच्या मूर्ती घडवीत. १९५०च्या दशकाअखेर सुरू झालेले हे काम सरकारला समजले तेव्हा १९७०चे दशक निम्मे सरत आले होते. जागा सरकारी, काम बेकायदेशीर. पाडून टाकणे सहज शक्य होते. तसे झाले नाही. १९७६ साली ते 'रॉक गार्डन' म्हणून लोकांसाठी खुले झाले. नव्या शहराने टाकलेल्या गावांच्या वस्तू त्या शहरातच उभ्या राहिल्या.

याच सुमारास, १९७५ साली, अमेरिकेतला प्रसिद्ध कोलाजकार रॉबर्ट रॉशेनबर्ग अहमदाबादला आला. गांधी आश्रमाच्या हातकागद कारखान्यात त्याने काम केले. मातीच्या भिंतींची घरे पाहून त्याला तशा पदार्थात काम करावेसे वाटले. मग जो लगदा तयार झाला त्यात काय काय होते पाहा : कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडूची पूड, डिंक आणि मोरचूद. त्यात बांबू, दोर, कापड जोडून केलेल्या कलाकृती जगभर दाखवल्या गेल्या.

ही यादी आपल्या भागातल्या जुन्या बायकांना वाचून दाखवली तर त्या हसतील. रद्दी भिजवून, कुटून, मेथी घालून पाटीवर थापायची आणि वाळल्यावर टोपली उतरवून घ्यायची, हा घरगुती उद्योग होता. मेथीचे दाणे भिजले की बुळबुळीत होतात, कारण त्यांत पाण्यात फुगणारी लांब साखळीची शर्करा असते. ती धाग्यांना धरून ठेवते. चिंचोक्याच्या खळीत तोच गुण आहे, सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांवर ती वापरतात. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पुस्तकबांधणी करणारे खळीत घालीत आले आहेत, कारण खळीला कसर आणि बुरशी लागते आणि तांब्याच्या क्षाराने ती दूर राहते. मोरचूद विषारी आहे. वर्गात मुलांच्या हाती देऊ नये.

पुण्यात अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब आणि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार केले, ते आपल्यापैकी पुष्कळांनी वर्गात करून पाहिले असतील. ते कोलाज नव्हे. तेथे व्हॉल्व्हट्यूबचा गुणधर्म, तिची लवचीकता, कामाला येतो. ती कोणाच्या सायकलची होती याच्याशी घेणे नसते. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण विज्ञानाच्या खेळण्याचे नियम चित्राला लावले की चित्राची फुलदाणी होते.

टिकते काय?

आता दुसरा दावा. पिकासोने डकवलेले वर्तमानपत्राचे कागद आज पिवळे-तपकिरी पडले आहेत. तेव्हा ते राखाडी-पांढरे होते, म्हणजे चित्राचा रंगच बदलला. कारण रसायनात आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून करतात, त्यात सेल्युलोजच्या धाग्यांबरोबर लिग्निनही राहते. झाडात लिग्निन धाग्यांना एकत्र घट्ट धरते. कागदात मात्र प्रकाश आणि ऑक्सिजन मिळाला की त्यापासून रंगीत संयुगे तयार होतात. शिवाय कागदात आम्ल असले तर सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात आणि कागद कडकड मोडू लागतो. याउलट चिंध्यांपासून केलेल्या जुन्या हातकागदात लिग्निन जवळजवळ नसते. आपल्याच जिल्ह्यातला जुन्नरी कागद प्रसिद्ध होता. पेशवेकाळातले कागद पुण्याच्या दफ्तरात आजही वाचता येतात ते त्यामुळे. परवाचे वर्तमानपत्र मात्र खिडकीत आठवड्यात पिवळे पडते. करून पाहायला सोपे आहे. एका पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका, आठ दिवस उन्हात ठेवा, मग काळा कागद काढा. उसाचे चिपाड, पहिलीच्या वहीचे पान आणि लग्नपत्रिका शेजारी ठेवल्यास फरक अधिक कळेल.

सर्वांत मजेशीर उदाहरण एसटीच्या तिकिटाचे. वाहक चिमट्याने भोक पाडून देई ते जुने छापील तिकीट एखाद्या पुस्तकात सापडले तर अजून वाचता येते. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाचा कागद उष्णतेने काळा होणारा असतो, त्यावर शाई नसतेच. काही महिन्यांत अक्षरे उडतात, आणि इस्त्री जवळ नेली तर सगळा कागदच काळा होतो. श्विटर्स आज असता तर त्याची तिकिटे कोरी झाली असती! प्लॅस्टिकच्या विणलेल्या खताच्या पोत्याची तीच गत, उन्हातील अतिनील किरणांनी त्याचा भुगा होतो. ज्याला आपण शेकडो वर्षे न कुजणारे म्हणतो ते कुजत नाही हे खरे, पण म्हणून धडही राहत नाही.

चिकटवण्याचे म्हणाल तर कागदाला कणकेची खळ उत्तम. पिठात पाणी घालून तापवले की साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पिष्टाचे कण फुगून फुटतात. वाळताना त्यांच्या साखळ्या सेल्युलोजला धरून बसतात. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म थेंब. पाणी उडाले की थेंब एकमेकांत मिसळतात आणि थर पारदर्शक होतो. पण पाणी उडायला वाट हवी. पत्रा आणि काच पाणी शोषत नाहीत, म्हणून बाटलीचे बूच दुसऱ्या दिवशी निखळून पडते आणि मुलाला वाटते आपले चुकले. अशा वस्तू पुठ्ठ्याला भोके पाडून सुतळीने बांधाव्यात किंवा सुईदोऱ्याने टाचाव्यात. गोधडीवालीला हे आधीच माहीत होते.

कऱ्हा आणि भीमेच्या मध्ये

आपल्याकडे सामान काय आहे, असे शिक्षक विचारतात. बारामतीत राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रामकथा कितीतरी तऱ्हांनी रचली. त्यातले निरोष्ठ रामायण ओठ जुळवून उच्चारायची अक्षरे वर्ज्य करून लिहिलेले. म्हणजे रामायण लिहायचे आणि 'म' वापरायचा नाही, तर रामाचे नावही घेता येत नाही! सामान कमी पडल्याची तक्रार या गावात तरी करू नये.

आणि सामान कमी नाहीच. या दोन तालुक्यांचा शेदीडशे वर्षांचा इतिहास वस्तूंत सांडलेला आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा आला, जिराईत रानात पाणी खेळले, ऊस आला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढला, त्याचे वालचंदनगर झाले. म्हणून एकाच घराच्या माळ्यावर घोंगडीचा तुकडा आणि साखरेचे तागाचे पोते शेजारी सापडते. अंगणात ठिबकच्या नळीचे तुकडे, फडात पाचट, खिशात वजनाची पावती. एकाच वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरचे एकेक आणून, न रंगवता, एका फळीवर मांडले तर मेंढपाळाचे रान, कालव्याचे रान आणि ठिबकचे रान असे तीन काळ समोर येतात. काय कोठे लावायचे यावरून वाद होऊ द्यावेत. वाद हाच तास आहे. मागच्या बाजूला प्रत्येक तुकड्यामागे तो कोणत्या गावचा, कशाचा आणि अंदाजे कोणत्या सालचा, एवढे पेन्सिलीने लिहावे. पेनाची शाई पाझरते.

१९८० साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ त्यांतलेच. ज्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरते तेव्हा ते उघडे पडते, आणि मुले ते पाहायला जातात. गाव उठले तेव्हा लोकांनी उचलता येईल ते उचलले. दाराची कडी, जात्याची खुंटी, अडकित्ता, पितळी कुलूप असे काही ज्या घरात उरले असेल, तेथल्या मुलाला ती वस्तू वर्गात आणायला सांगावी. पण ती चिकटवू नये. माक्स एर्न्स्टने १९२५ साली लाकडी जमिनीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि फळ्यांच्या रेषा उतरवून घेतल्या, तसे करावे. पातळ कागद, मऊ पेन्सिल किंवा मेणखडू आडवा धरून हलके घासायचे. कडीवरचे खिळे, अडकित्त्याची नक्षी, कुलपावर कोरलेली अक्षरे कागदावर येतात. तो कागद फळीवर लावावा, आणि वस्तू त्याच संध्याकाळी ज्याची त्याच्या घरी परत जावी.